थ्रीडी नोनोग्राम: अर्ध्यावर अडकलं की अंदाज करावाच लागतो का?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "मी आणि माझी आठवीतली मुलगी कागदावरची नोनोग्राम आवडीने सोडवतो. चवथीच्या सुट्टीत भाच्याने त्याच्या गेमवर थ्रीडी प्रकार दाखवला. सुरुवात जमते, पण अर्धा ठोकळा फोडून झाला की पुढे काही दिसतच नाही. मग अंदाजाने एखादा घन फोडतो आणि चुकतो. थ्रीडीत अंदाज करणं भागच असतं का? आणि हे कोडं कागदावर घालता येतं का? मुलीला स्क्रीनसमोर फार वेळ बसू द्यायचं नाही."

ताई, आधी सरळ उत्तर देतो. अंदाज करणं भाग नसतं. कोडं नीट रचलेलं असेल तर पहिल्या घनापासून शेवटच्या घनापर्यंत प्रत्येक पाऊल कारण देऊन टाकता येतं. कागदावरही घालता येतं. फोंड्याला माझ्याकडे शनिवारी येणारी मुलं कागदावरच सोडवतात, आणि माझ्या अनुभवात कागदावर शिकलेलं मूल स्क्रीनवर कमी चुकतं. तुम्ही जिथे अडकता तिथेच बहुतेक सगळे अडकतात, आणि कारणही एकच असतं: एका दिशेने बघत राहणं. त्यावर उपाय आहे, पण तो समजायला आधी आकड्यांची भाषा नीट कळायला हवी.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या नोनोग्राममध्ये चौकटींची जाळी असते, प्रत्येक ओळीच्या कडेला आकडे असतात, आणि त्यावरून कुठले चौकोन काळे करायचे ते ठरवलं की चित्र उमटतं. ही कल्पना जपानमध्ये १९८७ च्या सुमारास दोघांना वेगवेगळी सुचली, नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ. इशिदाबाईंनी उंच इमारतींच्या खिडक्यांमधले दिवे लावून आणि विझवून चित्रं काढली होती, त्यातून त्यांना हे कोडं सुचलं. नोनोग्राम हे नावही त्यांच्या 'नॉन' वरूनच पडलं. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या जेम्स डॅल्गेटी यांनी ते दिलं आणि त्याच वर्षी तिथल्या 'संडे टेलिग्राफ'मध्ये ही कोडी येऊ लागली. थ्रीडी रूप लोकांच्या हातात पोहोचलं ते मुख्यतः निन्तेन्दोच्या डीएस यंत्रावर, २००९ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी बाहेर. तुमच्या भाच्याकडे तेच किंवा त्याच्या धर्तीवरचं काहीतरी असणार.

थ्रीडीत जाळीऐवजी छोट्या घनांचा एक अख्खा ठोकळा असतो आणि आत एक आकार दडलेला असतो. नको असलेले घन फोडत गेलं की तो बाहेर येतो. इथे साध्या कोड्यापेक्षा एक मोठा फरक आहे: एका ओळीला एकच आकडा. तो आकडा सांगतो की या ओळीतले किती घन शिल्लक राहणार. आकडा साधा असेल तर ते सगळे एकमेकांना चिकटून आहेत. आकड्याभोवती वर्तुळ असेल तर त्यांचे नेमके दोन तुकडे आहेत, मध्ये जागा आहे. चौकट असेल तर तीन किंवा जास्त तुकडे. आकडा नसेल तर त्या ओळीबद्दल काही सांगितलेलं नाही. शून्य असेल तर अख्खी ओळ फोडायची. (२०१५ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत दोन रंगांचे आकडे आहेत. ती आत्ता बाजूला ठेवूया; एक रंग पक्का झाला की दुसरा जड जात नाही.)

आपल्याकडे चिऱ्याची खाण जवळून पाहिली असेल तर हा ठोकळा लगेच डोळ्यांसमोर येईल. यंत्र आधी लांबीने काप घेतं, मग रुंदीने, आणि शेवटी खालून काप गेला की चिरा सुटतो. एका चिऱ्याला तीन दिशांचे काप. आपल्या कोड्यातल्या प्रत्येक घनामधूनही अशाच तीन ओळी जातात. मी त्यांना आडवी, खोल आणि उभी म्हणतो: डावीकडून उजवीकडे जाते ती आडवी, समोरून मागे जाते ती खोल, खालून वर जाते ती उभी. खाली हीच नावं वापरतो.

आता आकड्यांबद्दल. साध्या आकड्याचा पहिला नियम तुम्हाला साध्या कोड्यावरून माहीत असणार. आकड्याची दुप्पट करा, त्यातून ओळीची लांबी वजा करा. उत्तर शून्याच्या वर आलं तर मधले तेवढे घन पक्के, म्हणजे नक्की राहणारे. दहाच्या ओळीत साधा ७ असेल तर मधले ४ पक्के. पाचाच्या ओळीत साधा ३ असेल तर फक्त मधला १. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. घोळ होतो तो वर्तुळांशी. वर्तुळ म्हणजे कठीण, असं समजून लोक तो आकडा शेवटी बघू म्हणून सोडून देतात. माझ्या मते वर्तुळ आणि चौकट हीच या कोड्यातली सगळ्यांत उदार माहिती आहे, सुरुवात तिथूनच करावी.

एक उदाहरण घ्या. तीन घन रुंद, तीन खोल, तीन उंच ठोकळा, म्हणजे २७ घन. फक्त उभ्या ओळींचे आकडे दिलेत, वरून बघितलं तर नऊ. मधोमध साधा ३, आणि भोवतीच्या आठही जागी वर्तुळातला २. तीनाच्या ओळीत दोन घन ठेवायचे आणि त्यांचे दोन तुकडे व्हायला हवेत. एकच मार्ग आहे: खालचा ठेवा, वरचा ठेवा, मधला फोडा. आठही ओळींत तेच. मधली ओळ पूर्ण राहते. झालं की, नऊ आकड्यांत २७ घनांचा निकाल लागला! खाली रुंद बैठक, मध्ये बारीक कंबर, वर पुन्हा रुंद माथा. अंगणातलं तुळशीवृंदावन. मी नव्या मुलांना पहिलं हेच देतो, कारण वर्तुळाची भीती इथेच जाते.

ओळीची लांबी आकड्यापेक्षा फक्त एकने जास्त असेल आणि आकडा वर्तुळात असेल, तर दोन्ही टोकं पक्की. पाचाच्या ओळीत वर्तुळातला ४ असेल तर एकच घन जाणार, आणि तो टोकाचा गेला तर उरलेले चार चिकटलेले राहतील. वर्तुळ खोटं पडेल. म्हणून जाणारा घन मधल्या तिघांपैकीच. चौकटीच्या आकड्याला हेच दोनच्या फरकाने लागू पडतं: सहाच्या ओळीत चौकटीतला ४ असेल तर दोन घन जाणार, दोन्ही आतले आणि एकमेकांपासून सुटे, म्हणून टोकं पक्की. पाचाच्या ओळीत चौकटीतला ३ असेल तर विचार करायला काही उरतच नाही: पहिला, तिसरा, पाचवा. पण सावध राहा. दहाच्या ओळीत वर्तुळातला ८ दिसला म्हणून टोकं पक्की धरू नका. तिथे दोन घन जातात, एक टोकाचा गेला आणि एक आतला गेला तरी तुकडे दोनच होतात.

छोट्या आकड्यांचाही उपयोग आहे. वर्तुळातला २ म्हणजे एकेकटे दोन घन. त्यातला एक कुठे आहे हे कळलं की त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी ताबडतोब फोडता येतात. चौकटीतला ३ तसाच, एकेकटे तीन. उलट साध्या ३ मधला एक घन सापडला की त्याच्यापासून तीन किंवा जास्त पावलांवर असलेलं सगळं फोडता येतं.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. वर्तुळाच्या ओळीत दोन्ही टोकं पक्की झाली, की मधली पोकळी एकसंध असणार, कारण तुकडे नेमके दोन आहेत. म्हणजे आता कोडं उलटं करता येतं: फोडायचे घन हाच साधा आकडा धरा. सातच्या ओळीत वर्तुळातला ४ आहे आणि दोन्ही टोकं पक्की आहेत. फोडायचे घन ३, सलग, आणि त्यांना जागा आहे मधल्या पाचांत. पाचांत साधा ३, म्हणजे मधला एक पक्का. इथे पक्का म्हणजे नक्की फोडायचा. ओळीतला चौथा घन बिनधास्त फोडा. ठेवायचे घन शोधताना ही ओळ मुकी वाटते, पोकळी शोधली की बोलायला लागते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, अर्ध्यावर अडकण्याकडे.

साध्या नोनोग्राममध्ये एक चौकोन ठरला की एकाच दुसऱ्या ओळीला बातमी जाते. थ्रीडीत एक घन ठरला की दोन ओळींना बातमी जाते, आणि त्यातली एक बहुतेक वेळा तुमच्या डोळ्यांसमोर नसते. तुम्ही ठोकळा समोरून बघत असता, आडव्या आणि उभ्या ओळी दिसत असतात. खोल ओळ तुमच्यापासून दूर आत गेलेली असते. तिच्यात बदल झालाय हे लक्षातच येत नाही. समोरून जे सुटायचं ते सुटून झालं की वाटतं, आता काही नाही. खरं तर पुढचं पाऊल तिथेच असतं, फक्त ते बाजूने दिसतं.

पाच बाय पाच बाय पाचच्या ठोकळ्यातला एक भाग दाखवतो. आडव्या दिशेच्या पाच जागांना डावीकडून क, ख, ग, घ, च म्हणू. सगळ्यांत खालच्या थरात, अगदी समोरच्या आडव्या ओळीत वर्तुळातला ४ आहे. मघाच्या नियमाने क आणि च पक्के. ख, ग, घ यांपैकी एक जाणार, कुठला ते माहीत नाही. समोरून बघत बसलात तर संध्याकाळपर्यंत माहीत होणार नाही.

आता त्याच खालच्या थरात ग वरून आत जाणारी खोल ओळ बघा. तिच्यावर साधा २ आहे. पाचात साधा २ काहीच सांगत नाही, म्हणून आपण तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. पण ग वरूनच आत गेल्यावर चौथ्या जागी जी उभी ओळ आहे, तिच्यावर ५ आहे. ती अख्खी राहणार. म्हणजे तिचा सगळ्यांत खालचा घन पक्का. हा घन आपल्या खोल ओळीतला चौथा. साध्या २ मधला एक घन चौथ्या जागी असेल तर दुसरा तिसऱ्या किंवा पाचव्या जागी. पहिला आणि दुसरा दोन्ही फुटणार. पहिला म्हणजे कोण? समोरच्या ओळीतला ग. तो गेला. वर्तुळातल्या ४ ला एकच घन घालवायचा होता, तो मिळाला. ख आणि घ लगेच पक्के.

इथे थांबायचं नाही. समोरच्या ख वर उभ्या राहणाऱ्या ओळीत वर्तुळातला २ आहे. तळाचा घन पक्का झाला, म्हणून त्याच्या डोक्यावरचा फोडा. समोरच्या घ वरच्या उभ्या ओळीत साधा ३ आहे. तळ पक्का, म्हणून खालचे तीन राहणार आणि वरचे दोन जाणार. उभी, खोल, आडवी, पुन्हा उभी. तीन वळणांत समोरच्या कोऱ्या भिंतीत खिंडार पडलं, आणि सुरुवात झाली ती आतल्या एका ५ पासून, जो समोरून दिसतही नव्हता.

मुलांना मी एवढंच सांगतो: ज्या घनाला आत्ता हात लावला, त्याच्या उरलेल्या दोन ओळी बघितल्याशिवाय नजर दुसरीकडे न्यायची नाही. ठोकळा गरागरा फिरवून 'कुठे काही मिळतंय का' असं बघणं हे वेळ घालवणं आहे. बातमी जिथे पोहोचली तिथेच उत्तर मिळतं, इतरत्र काही बदललेलंच नसतं.

याच्या जोडीला दुसरी सवय लागते. फोडलेल्या घनांचा हिशेब ठेवलेल्या घनांइतकाच काटेकोर ठेवा. आकार बाहेर यावा या ओढीने आपण ठेवायच्या घनांवर लक्ष देतो, ते रंगवत जातो. पण साध्या आकड्याच्या ओळीत एक घन फुटला की ओळ दोन भागांत तुटते, आणि ज्या भागात आकडा मावत नाही तो सगळा भाग जातो. सातच्या ओळीत साधा ४ असेल आणि तिसरा घन फुटला, तर पहिले दोन आपोआप गेले आणि उरलेले चारही पक्के झाले. एका फुटलेल्या घनाने सात घनांचा निकाल लावला.

आकार ओळखू आला की हात आवरा, हेही सांगतो. हत्ती दिसायला लागला की मुलं डावा पाय बघून उजवा पाय रंगवतात. कोडं रचणारा माणूस सोंड एका बाजूला वळवतो, शेपटी कलती ठेवतो. अंदाज खरा ठरला तरी शिकायला काही मिळालं नाही, आणि खोटा ठरला तर पुढचे वीस घन चुकीच्या पायावर उभे राहतात. गेममध्ये चुकीचा घन फोडला की लगेच कळतं, म्हणून तिथे अंदाजाची चटक लागते. कागद काही बोलत नाही. कागदावर शिकवण्याचा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

कागदावर कसं मांडायचं ते आता सांगतो. चौकटीची गणिताची वही घ्या. पाच उंचीचा ठोकळा असेल तर शेजारी शेजारी पाच चौरस आखा, डावीकडून सगळ्यांत खालचा थर, मग त्यावरचा, असे. प्रत्येक चौरस म्हणजे त्या थराकडे वरून बघितल्यावर दिसणारी जाळी. चौरसाची खालची कड म्हणजे ठोकळ्याची समोरची बाजू. प्रत्येक चौरसाच्या डाव्या कडेला आडव्या ओळींचे आकडे, वरच्या कडेला खोल ओळींचे. उभ्या ओळींसाठी एक सहावा चौरस, त्यात प्रत्येक घरात त्या जागेच्या उभ्या ओळीचा आकडा. वर्तुळं आणि चौकटी पेन्सिलीने नाही, शाईने काढा. खोडरबरात पुसल्या गेलेल्या वर्तुळाने मुलांचा अख्खा तास गेलेला मी पाहिला आहे. पक्क्या घनाला ठिपका, फुटलेल्याला फुली, न ठरलेलं घर कोरं.

उभी ओळ वाचायची म्हणजे पाचही चौरसांत त्याच घरावर बोट ठेवत जायचं. सुरुवातीला हे जिकिरीचं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या कोड्यानंतर डोळे पाच घरं एकदम उचलायला लागतात, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट होते: मुलांना ठोकळा कागदावर दिसायला लागतो. इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकलेल्यांना ही ओळख पटेल. समोरचं दृश्य, बाजूचं दृश्य, वरचं दृश्य यांच्यावरून वस्तू मनात उभी करायची, तेच काम इथे उलट्या वाटेने होतं.

कागदाचा आणखी एक फायदा म्हणजे बेरीज. थरातल्या सगळ्या आडव्या ओळींच्या आकड्यांची बेरीज म्हणजे त्या थरात उरणारे एकूण घन. खोल ओळींची बेरीजही तीच यायला हवी, घन तेच आहेत. त्यामुळे एखादी ओळ कोरी असेल तर तिचा आकडा वजाबाकीने निघतो. चार बाय चारचा एक थर घ्या. आडव्या ओळींचे आकडे समोरून मागे २, ३, २, २, सगळे साधे. बेरीज ९. खोल ओळींचे डावीकडून २, ४, ३, आणि चौथी कोरी. पण २ अधिक ४ अधिक ३ म्हणजे ९ झालेच. कोऱ्या ओळीला काही उरलंच नाही, ती शून्य. उजव्या कडेचे चारही घन फुली. आता ३ च्या आडव्या ओळीत तीनच घरं उरली, ती भरली. ४ ची खोल ओळ अख्खी भरली. डाव्या कडेच्या साध्या २ मध्ये समोरून दुसरं घर भरलेलं आहे, म्हणून त्या ओळीतलं सगळ्यांत मागचं घर गेलं. मग मागच्या आडव्या ओळीचे दोन घन मधल्या दोन घरांत. तिसऱ्या खोल ओळीत दुसरं आणि चौथं घर भरलं, म्हणून त्यांच्यामधलं तिसरंही भरलं आणि समोरचं गेलं. उरलेलं तुम्ही भरा, दोन मिनिटांचं काम आहे. हाच थर बेरीज न करताही सुटतो, करून बघा. पण बेरजेने पहिल्याच पावलाला चार घन मोकळे केले, आणि मोठ्या ठोकळ्यात अशा चार फुल्यांनी चार उभ्या ओळींना बातमी जाते. एक लक्षात ठेवा: वजाबाकीने आकडा कळतो, तो साधा आहे की वर्तुळातला हे कळत नाही.

इतकं सगळं करूनही अडकलात तर? मग 'मानून बघणं' उरतं, आणि ते अंदाजापेक्षा वेगळं आहे. एक घन राहिला असं माना, त्याच्या तीन ओळींत काय होतं ते बोटाने बघा, काही लिहू नका. तीनपैकी कुठे विसंगती आली, म्हणजे आकडा मावेना किंवा तुकडे जास्त व्हायला लागले, तर तो घन फुटणार हे सिद्ध झालं. आता फुली मारा. विसंगती आली नाही तर काहीच सिद्ध झालेलं नाही, तो घन सोडून द्या. लोक इथेच घसरतात: विसंगती आली नाही म्हणजे बरोबर असेल असं धरून पुढे जातात. तो अंदाज झाला.

तुम्हाला वाटत असेल की तिसऱ्या मितीने कोडं थोडंच अवघड होतं. गणिताच्या दृष्टीने उडी फार मोठी आहे. फक्त दोन दिशांच्या ओळींत किती घरं भरायची एवढेच आकडे दिले, तर तशी जाळी अस्तित्वात आहे का हे भराभर ठरवण्याची पद्धत आहे. ती १९५७ मध्ये हर्बर्ट रायझर आणि डेव्हिड गेल यांनी स्वतंत्रपणे दाखवली. तिसरी दिशा आली की तोच प्रश्न संगणकासाठीही अवघड मानल्या जाणाऱ्या वर्गात जाऊन बसतो, हे १९९४ मध्ये अर्व्हिंग आणि जेरम यांनी सिद्ध केलं. म्हणून थ्रीडीत अडकलात तर बुद्धीला दोष देऊ नका. तुम्हाला तारणारी गोष्ट एवढीच की तुमच्या हातातलं कोडं एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी रचलेलं असतं आणि त्यात वाट ठेवलेली असते.

वाट ठेवायला रचणारा चुकला तर मात्र सोडवणाऱ्याचा इलाज नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतो. एका दिवाळीला मी सहा बाय सहा बाय सहाचा आकाशकंदील रचला होता, आणि एका कोपऱ्यात चांदण्या म्हणून चार सुटे घन ठेवले होते. दोन बाय दोन बाय दोन अशा आठ घनांच्या त्या कोपऱ्यात चार राहणार, चार जाणार, एक आड एक. त्यातून जाणाऱ्या बाराही ओळींचा आकडा साधा १. एका चौदा वर्षांच्या मुलाचा कंदील बरोबर आला आणि चांदण्या बरोबर उलट्या आल्या: मी ठेवलेले चार त्याने फोडले होते आणि मी फोडलेले चार ठेवले होते. मी चूक म्हणून खूण करायला गेलो, तर तो म्हणाला, "सर, माझ्या प्रत्येक ओळीत एकच आहे." खरंच होतं. दोन्ही उत्तरं बाराही आकड्यांना सारखीच पटत होती. त्या मुलाने त्या कोपऱ्यावर पाऊण तास घालवला होता, कारण माझ्या कोड्याला एकच उत्तर असणार असा त्याचा विश्वास होता. मला फार वाईट वाटलं. नंतर त्या कोपऱ्यात मी एक घन वाढवला. त्याच्या तीन ओळींचे आकडे १ चे २ झाले, आणि उत्तर एकावर आलं.

म्हणून घरी किंवा कुणा हौशी माणसाने रचलेलं कोडं असेल आणि शेवटी असाच आठांचा कोपरा कोरा उरला, सगळे आकडे १, तर अंदाज करत बसू नका. रचणाऱ्याला दाखवा. छापील किंवा विकत घेतलेल्या गेममध्ये ही वेळ सहसा येत नाही. तिथे अडकलात तर एखाद्या खोल ओळीला बातमी पोहोचलेली आहे आणि तुम्ही ती वाचलेली नाही, असंच समजा.

मुलीसाठी एक कोडं देतो. तीन बाय तीन बाय तीन. उभ्या ओळींचे आकडे, वरून बघून, समोरची रांग २, १, २, मधली १, १, १, मागची ३, २, ३, सगळे साधे. सगळ्यांत खालच्या थरात समोरच्या आणि मागच्या आडव्या ओळींवर वर्तुळातला २. मधल्या थरात मधल्या आडव्या ओळीवर ३ आणि मधल्या खोल ओळीवर ३. बाकी सगळ्या ओळी कोऱ्या. तेरा आकडे आहेत आणि तेवढे पुरतात. कुठल्या आकड्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येक वळणावर कुठल्या दिशेला वळली, ते तिला वहीत लिहायला सांगा. मला घन नकोत, ती वळणं कळवा.